शिमग्यातली जुनी केस आणि परदेशातली नोकरी : पीसीसी, पासपोर्ट, व्हिसा

रातांबा (धागाकर्ता)
मंडळी, भाच्यासाठी विचारतोय. गाव गुहागर तालुक्यात, मी स्वतः डोंबिवलीला असतो. भाचा आयटीआय करून वेल्डर झाला, आता कुवेतच्या एका कंपनीत निवड झाली आहे. कुवेतच्या व्हिसाला पोलिसांचा दाखला, म्हणजे पीसीसी, लागतोच. पासपोर्ट २०१७चा आहे, तेव्हा काही भानगड नव्हती.

भानगड २०१८च्या शिमग्यातली. पालखी आधी कुठल्या वाडीत नाचवायची यावरून जुंपली. एकाच्या डोक्याला टाके पडले, पोलिसांनी दोन्हीकडच्या पोरांवर क्रॉस केस घातली. भाचा तेव्हा जेमतेम एकोणीसचा. पुढे गावकी बसली, शंभराच्या स्टँपवर सगळ्यांच्या सह्या झाल्या, देवीला गाऱ्हाणं घातलं, विषय मिटला. गेल्या मे महिन्यात समोरच्या पार्टीच्या लग्नात भाचा पंगतीत वाढत होता.

आता पीसीसीचा अर्ज केला तर पोलीस ठाण्यातून रिपोर्ट गेला, ‘गुन्हा दाखल आहे’. मुंबईचा एजंट म्हणतो, काळजी नको, मी बघतो. त्याच्या ‘मी बघतो’चीच काळजी वाटते. जाणकारांनी सांगावं. पुढे कधी कॅनडाला जायचंही त्याच्या डोक्यात आहे.

काळाकोट_रत्नागिरी
रातांबा, मिटली म्हणजे कुठे मिटली? गावकीत की कोर्टात? बाकी सगळं त्यावर अवलंबून. आरोपपत्र कोर्टात गेलं असेल तर गावकीच्या स्टँपपेपरने केस थांबत नाही. दोन्ही वाड्या एका ताटात जेवोत, कोर्टात तारखा पडतच राहतात.

घरबसल्या बघता येतं. ई-कोर्ट्सच्या साइटवर जिल्हा आणि तालुक्याचं कोर्ट निवडून भाच्याच्या नावाने किंवा एफआयआर नंबरने शोधा. सोळा अक्षरी सीएनआर नंबर सापडला की केसची अख्खी कुंडली दिसते : कलमं, पुढची तारीख, निकाल लागला असेल तर कधी आणि काय. काही सापडलं नाही तर पोलीस ठाण्यात जाऊन विचारा, आरोपपत्र गेलं की समरी (तपास बंद करण्याचा अहवाल) झाली. ‘ब’ किंवा ‘क’ समरी कोर्टाने मंजूर केली असेल तर ती ऑर्डर हीच तुमची पीसीसीची किल्ली.

आणि एक. निकाल लागून निर्दोष सुटलेल्यांचेही रिपोर्ट ‘गुन्हा दाखल’ असे जातात, कारण निकालाची नोंद ठाण्याच्या रजिस्टरला चढलेलीच नसते. अशा वेळी कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढायची, एक प्रत ठाण्यात द्यायची आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका.

झावळी
एवढं कशाला? एजंट पस्तीस-चाळीस हजारांत क्लीन पीसीसी काढून देतात. आमच्या ओळखीतला एक गेलाय तसाच, मस्कतला मजेत आहे.

बाणकोटी
झावळी, असले सल्ले देऊन पोराचं वाटोळं करू नका. मी कुवेतला बरीच वर्षं काढली आहेत. तिथे पीसीसी नुसतं दाखवून चालत नाही, त्यावर आधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा आणि मग कुवेतच्या वकिलातीचा शिक्का लागतो. बनावट कागद त्या वाटेत कुठेही पकडला जाऊ शकतो, आणि पकडला गेला की एजंटचा फोन बंद. पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली खोटी माहिती देणं किंवा माहिती लपवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. पालखीच्या केसमध्ये झाली नसती एवढी शिक्षा कागदाच्या केसमध्ये व्हायची.

रातांबा, एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाचं लायसन्स आहे का ते ई-मायग्रेटच्या साइटवर बघा. लायसन्सवाल्याला उमेदवाराकडून फार तर ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. तो लाख-दीड लाख मागत असेल तर तिथेच समजा.

चाकरमानी_परळ
मला एक कळत नाही. मारामाऱ्या करायच्या, लोकांची डोकी फोडायची आणि वर परदेशात जायचं? नियम कडक आहेत ते बरंच आहे.

रातांबा
परळकर, डोकं भाच्याने फोडलेलं नाही. तो ढोल वाजवत होता. फिर्यादीत वाडीतल्या सगळ्या तरण्या पोरांची नावं एकाखाली एक घातली होती, त्यात एक तर त्या दिवशी मुंबईला कामावर होता. तुमच्या गावाला शिमगा होत नाही का?

चाकरमानी_परळ
होतो. आणि आमच्याकडे पण अशीच यादी घातली होती २००९ साली. बरं, मागे घेतो.

दर्यावर्दी
शिपवर आहे, म्हणून थोडं वेगळं सांगतो. आमच्या लायनीत अमेरिकेच्या बंदरावर उतरायचं तर सी१/डी (जहाजावरच्या कामगारांचा) व्हिसा लागतो आणि त्यासाठी डीएस-१६० फॉर्म. त्यात प्रश्न सरळ आहे : तुम्हाला कधी कुठल्याही गुन्ह्यासाठी अटक झाली होती का, किंवा शिक्षा झाली होती का, नंतर माफी मिळाली असली तरी. म्हणजे निर्दोष सुटलेल्यानेही, अटक झाली असेल तर ‘हो’ लिहायचं आणि खाली खुलासा करायचा. बरोबर निकालाची नक्कल आणि इंग्रजी भाषांतर न्यायचं. आपल्याकडचे रोजनामे, निकाल बरेचदा मराठीत असतात, अधिकारी ते वाचणार कसे?

आमच्या एका फिटरवर कॉलेजच्या भांडणाची केस होती, निर्दोष सुटलेला. त्याने ‘हो’ लिहिलं. खिडकीवर दोन प्रश्न विचारले, कागद बघितले, व्हिसा थोडा उशिरा आला पण आला.

‘नाही’ लिहिलं आणि पुढे सापडलं तर मूळ गुन्हा बाजूला राहतो आणि खोटं बोलल्याचा शिक्का बसतो. अमेरिकेच्या कायद्यात फसवणूक करून व्हिसा मागणाऱ्यावर कायमची बंदी आहे. त्यातून सुटायला ‘वेव्हर’, म्हणजे खास सूट, मागावा लागतो आणि तो मिळेलच असं नाही.

मालवणी_मासो
रातांबानु, तुमच्या भाच्याचा निदान देवाच्या पालखीवरना झाला. आमच्या भावोजीचा बघा. गोव्यासून येताना इन्सुली नाक्यार गावलो. गाडयेत बाटल्ये, परवानो नाय. दारूबंदीखाली केस, गाडी जप्त. कोर्टात गुन्हो कबूल केल्यान, दंड भरल्यान आणि गाडी सोडवून घराक इलो. आता तेचो झील अमेरिकेत आसा, आवशी-बापाशीक बोलवता. भावोजी म्हणता, दंड भरलंय, विषय संपलो, फॉर्मार ‘नाही’ लिही. काय करूचा?

काळाकोट_रत्नागिरी
मासोभाऊ, ‘हो’ लिहायचं. गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे शिक्षा झाली असाच अर्थ. आपल्या लोकांना वाटतं जेलमध्ये गेलो नाही म्हणजे शिक्षा नाही. कोर्टात रांगेने उभं करून ‘गुन्हा कबूल आहे?’ ‘हो साहेब’, दंड पाचशे, पुढचा. बाहेर येऊन माणूस वडापाव खातो आणि विसरून जातो. पण ती दोषसिद्धी आहे. वकील लोकसुद्धा ‘कशाला तारखा घालवता, दंड भरा नि मोकळे व्हा’ म्हणतात, आमच्याच बारमधले. ज्याच्या घरी कुणी परदेशात जायचं आहे त्याने त्या ‘मोकळे व्हा’ आधी दहादा विचार करावा.

तुमच्या भावोजींच्या बाबतीत फार घाबरायचं कारण मला दिसत नाही. अमेरिकेत अडतं ते मुख्यतः नैतिक अधःपतनाचे गुन्हे आणि अमली पदार्थ यांवर. चार बाटल्या विनापरवाना आणणं त्यात बसवणं कठीण. कागद काढा, भाषांतर करा, खरं लिहा.

टोरांटोचा_दापोलीकर
कॅनडाबद्दल लिहितो, कारण रातांबांनी विचारलंय आणि इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो.

कॅनडा तुमच्या भारतातल्या कलमाचा आकडा बघत नाही. तुम्ही जे केलं ते कॅनडात केलं असतं तर कुठला गुन्हा झाला असता आणि त्याला जास्तीत जास्त किती शिक्षा आहे, ते बघतो. साधी मारहाण, म्हणजे आपलं जुनं ३२३, तिथल्या साध्या ‘असॉल्ट’च्या जवळ जातं. समजा त्यात शिक्षा झाली, तर शिक्षा पूर्ण झाल्यापासून पाच वर्षांनी ‘रिहॅबिलिटेशन’साठी, म्हणजे आपण सुधारलो असं मान्य करून घेण्यासाठी, अर्ज करता येतो. तसा एकच गुन्हा असेल आणि दहा वर्षं नीट गेली असतील तर तुम्ही आपोआप सुधारलेले धरले जाता. मध्येच तातडीने जायचं असेल तर तात्पुरता परवाना असतो, पण तो अधिकाऱ्याच्या मर्जीवर.

उलटं उदाहरण ऐका. थर्टी फर्स्टच्या नाकाबंदीत फुंकर मारून सापडलेला माणूस. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, दंड भरून सगळे सुटतात, घरी सांगतही नाहीत. कॅनडाने १८ डिसेंबर २०१८ पासून दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा दहा वर्षं केली. त्यामुळे तो ‘गंभीर गुन्हेगारी’त जातो आणि त्या तारखेनंतरच्या गुन्ह्याला ती दहा वर्षांची आपोआप सुटका नाही. रीतसर अर्ज करून रिहॅबिलिटेशन मिळवावंच लागतं. म्हणजे शिमग्यात दोन ठोसे मारणारा आत जाईल आणि हर्णैला मासळी खाऊन दोन पेग मारून गाडी हाकणारा बाहेर राहील. माझ्या मते हे बरोबरच आहे, पण ते मत बाजूला ठेवू.

खोटी माहिती दिली तर कॅनडात पाच वर्षांची बंदी.

दर्यावर्दी
+१. अमेरिकेत याच दारू-गाडीच्या केसला मेडिकलला पाठवतात, व्यसन आहे का ते तपासायला. देश बदलला की त्याच केसचं वजन बदलतं.

झावळी
मग ऑस्ट्रेलिया, इंग्लंड? तिथे तर सगळे ढिले म्हणे.

टोरांटोचा_दापोलीकर
कुणी सांगितलं? दोन्हीकडे बारा महिन्यांची रेघ आहे. बारा महिने किंवा जास्त कैदेची शिक्षा झाली असेल तर ऑस्ट्रेलियाच्या ‘कॅरेक्टर टेस्ट’मध्ये नापास, आणि इंग्लंड व्हिसा नाकारतंच. त्याखालच्या शिक्षेत अधिकारी एकूण प्रकरण बघून ठरवतो. न्यूझीलंडमध्येही गेल्या दहा वर्षांत बारा महिन्यांची शिक्षा असेल तर दार बंद, आणि पाच वर्षांची शिक्षा कधीही झाली असेल तर कायमचंच, खास मंत्रालयाची सूट मिळाली नाही तर.

रातांबा
सगळ्यांचे आभार. काळाकोट, तुम्ही म्हणालात तसं ई-कोर्ट्सवर बघितलं. केस चालू आहे! २०१८ची, तालुक्याच्या कोर्टात. कलमं १४३, १४७, १४९, ३२३, ५०४, ५०६. आणि ‘आरोपी गैरहजर, वॉरंट’ असं काहीतरी दिसतंय. गावाला फोन केला तर पोलीस पाटील म्हणाले, समन्स आलं होतं पण ‘मिटलंय ना’ म्हणून कुणी गेलं नाही. बहिणीला अजून सांगितलेलं नाही. आता काय?

काळाकोट_रत्नागिरी
वॉरंट ऐकून हातपाय गाळू नका. क्रमाने घ्या.

भाच्याने वकिलाबरोबर स्वतः कोर्टात हजर व्हावं आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा. जुन्या किरकोळ केसमध्ये कोर्ट बहुधा थोडा दंड किंवा खर्च लावून वॉरंट रद्द करतं, फार तर नवा जामीन मागतं. पोलीस घरी यायची वाट बघत बसणं हा सगळ्यात वाईट मार्ग.

मग केस संपवायची कशी? ३२३, ५०४, ५०६ (मारहाण, अपमान, धमकी) तडजोडीने मिटतात आणि कोर्टाने तडजोड नोंदवली की ती निर्दोष सुटकेसारखी धरली जाते. घोडं अडतं १४३ आणि १४७वर. बेकायदा जमाव आणि दंगल या कलमांत खालच्या कोर्टात तडजोड होत नाही, दोन्ही बाजू गळ्यात गळे घालून आल्या तरी. २०१८ची घटना असल्यामुळे नवी न्याय संहिता इथे लागणार नाही, ती १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना.

दोन वाटा राहतात. एक, हायकोर्टात जाऊन दोन्ही क्रॉस केसेस सहमतीने रद्द करून घेणं. तडजोडीत न बसणाऱ्या कलमांतही पक्षकारांत समेट झाला असेल आणि भांडण खाजगी स्वरूपाचं असेल तर हायकोर्ट केस रद्द करू शकतं, हे सुप्रीम कोर्टाने ग्यान सिंग प्रकरणात २०१२ साली स्पष्ट केलंय. त्यासाठी आता रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांनी मुंबई गाठायची गरज नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू आहे. फिर्यादी आणि जखमी यांची प्रतिज्ञापत्रं लागतील. तुमच्या गावात लग्नाला एकमेकांकडे जाताय म्हणजे ती मिळतील.

दुसरी वाट, केस चालवणं. साक्षीदार फिर्यादीच्या बाजूने बोललेच नाहीत तर निर्दोष सुटका होते, पण वेळ लागतो आणि पंधरा आरोपींपैकी दोघे गैरहजर राहिले की तारीख पुढे. कुवेतची कंपनी तेवढं थांबणार नाही. मी पहिली वाट धरेन.

कोर्टात ‘कबूल करून टाका, दंड भरू’ असं कुणी म्हणालं तर बिलकुल नाही. वर मासोभाऊंना लिहिलंय तेच.

सड्यावरचा
राजापूरकडचा आहे. आमच्याकडे तर आंदोलनाच्या केसेस. बारसूला एप्रिल २०२३मध्ये रिफायनरीच्या माती परीक्षणाच्या वेळी धरपकड झाली, त्याआधी जैतापूरचा अणुप्रकल्प. मारामारी नाही, दारू नाही, आपल्या सड्यावर बसलो म्हणून गुन्हे. यातली पोरं आखातात जायला निघाली की हेच पीसीसी आडवं येतं. सरकार आंदोलनाच्या केसेस मागे घेऊ म्हणतं, ते कितपत खरं?

काळाकोट_रत्नागिरी
घोषणेने केस मागे जात नाही. सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टाची संमती लागते. पूर्वीचं फौजदारी संहितेचं ३२१, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३६०. म्हणून प्रत्येकाने आपापल्या केसचा सीएनआर काढून ‘मागे घेतली’ असा आदेश खरोखर झालाय का ते बघावं. झाला असेल तर त्याची नक्कल. पेपरातलं कात्रण कुठलीच वकिलात घेत नाही.

आणि ज्यांच्यावर फक्त एफआयआर आहे, आरोपपत्र गेलेलं नाही, त्यांच्यासाठी : पासपोर्ट कायद्याचं ६(२)(एफ), म्हणजे पासपोर्ट नाकारण्याचं कलम, लागू होतं ते कोर्टात खटला प्रलंबित असेल तेव्हा. नुसता एफआयआर आणि चालू तपास म्हणजे प्रलंबित खटला नाही, परराष्ट्र मंत्रालयानेच ऑक्टोबर २०१९च्या पत्रकात तसं म्हटलंय. पासपोर्ट ऑफिसने नोटीस पाठवली तर उत्तरात त्याचा हवाला द्या. नोटीस टपालात पडून राहते आणि फाइल बंद होते, हे मात्र होऊ देऊ नका.

आंबोळी
माझ्या दिरावर ४९८-अ, म्हणजे बायकोच्या छळाची केस, आहे. तो दोन वर्षांनी शारजाहून सुट्टीवर आला आणि विमानतळावरच अडवला. लुकआउट नोटीस निघाली होती, घरात कुणाला पत्ता नाही. ज्यांची अशी केस आहे त्यांनी तिकीट काढायच्या आधी वकिलाकडून खात्री करून घ्या एवढंच सांगते.

बाणकोटी
आंबोळीताई, वाईट झालं. उलट बाजूचंही असतं. सौदीत कफीलने (व्हिसा देणाऱ्या मालकाने) ‘हुरूब’ लावला, म्हणजे कामावरून पळाला अशी तक्रार केली, किंवा कुवेतमधून ‘फिंगर’ लावून (बोटांचे ठसे घेऊन, बंदी घालून) परत पाठवलं, तर ते आपल्या पोलिसांकडे कुठेच नसतं. इथलं पीसीसी एकदम स्वच्छ. आणि तिकडे उतरल्यावर बोट मशीनवर ठेवलं की लाल दिवा. खेड-चिपळूणच्या किती पोरांनी नवा पासपोर्ट काढून बघितला! पासपोर्ट नवा निघतो, बोटं तीच. आधी तिकडच्या ओळखीच्या माणसाकडून बंदी उठली का ते बघून मगच एजंटला पैसे द्यावेत.

रातांबा
भाचा परवा गावी गेला. वॉरंट रद्द झालं, कोर्टाने थोडा दंड लावला. समोरच्या वाडीचे प्रतिज्ञापत्र द्यायला तयार आहेत, फक्त त्यांच्या एका म्हाताऱ्या काकांचं म्हणणं, ‘पुढल्या वर्षी पालखी आधी आमच्याकडे, हे पण त्याच कागदावर लिहा.’ वकील हसून बेजार झाले.

कंपनीने मुदत दिली आहे पण फार नाही. हायकोर्टाच्या ऑर्डरआधी कोर्टाची परवानगी घेऊन त्याला पाठवता येईल का? आणि पासपोर्टही २०२७ला संपतोय.

काळाकोट_रत्नागिरी
परवानगी मागता येते. केस ज्या कोर्टात आहे तिथेच परदेशी जाण्याचा अर्ज द्यायचा, नेमणूकपत्र आणि कंपनीचा पत्ता जोडायचा, तारखांना वकील हजर राहील आणि बोलावलं की परत येईन अशी हमी द्यायची. पण पीसीसी हा वेगळा प्रश्न आहे, परवानगीने तो सुटेलच असं नाही. कुवेतसाठी तरी रद्दच्या ऑर्डरची वाट बघावी लागेल असं धरून कंपनीशी बोला.

पासपोर्टचं नीट लक्षात ठेवा. केस चालू असताना नूतनीकरण २५ ऑगस्ट १९९३च्या अधिसूचनेनुसार होतं : कोर्ट जेवढी मुदत लिहील तेवढ्याचा पासपोर्ट, आणि मुदत लिहिलीच नसेल तर एक वर्षाचा. एक वर्षाच्या पासपोर्टवर नोकरीचा व्हिसा काढायला कंपन्या कां-कूं करतात. तेव्हा अर्ज करायची वेळ आलीच तर अर्जातच ‘पूर्ण दहा वर्षांसाठी’ अशी विनंती लिहा आणि आदेशात ती मुदत आकड्यात आली आहे ना, हे कोर्टातून बाहेर पडायच्या आधी वाचून घ्या.

मालवणी_मासो
भावोजीन फॉर्म भरल्यान. ‘हो’ लिहिल्यान. नक्कल काढूक सावंतवाडीक गेलो तर क्लार्क विचारता, “एवढ्या जुन्या दंडाची नक्कल तुका कित्याक?” सांगल्यान, “अमेरिकेक दाखवची हा.”

काळाकोट_रत्नागिरी
भाषांतर नोटरीकडून करून घ्या, मासोभाऊ. आणि मूळ नक्कल अधिकाऱ्याला देऊन टाकू नका, झेरॉक्स द्या.